ऑस्करची जोडी जमवायची कशी?

दुकानात बोटभर दिसणारा ऑस्कर मासा वर्षभरात वीतभराच्या पुढे जातो. म्हणून टँक आजच्या माशाला नव्हे, उद्याच्या माशाला साजेसा घ्या. जोडीसाठी 5 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच, म्हणजे साधारण 550 लिटर. वर जड झाकण हवंच, हा मासा उडी मारतो. झाडं लावायच्या भानगडीत पडू नका, दुसऱ्या दिवशी ती तरंगताना दिसतील.

मासे आणण्याआधी 4 ते 6 आठवडे फिल्टर चालवा आणि रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून माशांना घातक असा अमोनिया होतो आणि तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढतात. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच मासे सोडा. तापमान 26 ते 28 अंश ठेवा आणि दर आठवड्याला 30 टक्के पाणी बदला.

आता खरी गोष्ट. ऑस्करमध्ये नर-मादी वरून ओळखू येत नाहीत आणि दोन मोठे मासे आणून एकत्र सोडले तर बहुधा मारामारीच होते. त्यापेक्षा 5-6 पिल्लं एकत्र वाढवा. त्यांची जोडी तीच जमवतील, आपण मध्ये पडायचं नाही. दीड-दोन वर्षांनी दोघं एका कोपऱ्यावर हक्क सांगू लागतील आणि बाकीच्यांना पिटाळतील. तेव्हा त्या बाकीच्यांना लगेच दुसरीकडे हलवा.

तळाला एक सपाट दगड ठेवा. जोडी तोंडाने तो घासूनपुसून लख्ख करू लागली आणि दोघांच्या पोटाखाली छोटी नळी दिसू लागली की अंडी जवळ आली. मादीची नळी जाड, बोथट असते, नराची बारीक, टोकदार. अंडी हजाराच्या वरही असतात. पांढरी पडलेली वाया गेली, पिवळसर-तपकिरी टिकली.

पहिल्या खेपेला आईबापच अंडी खाऊन टाकतात, हे अगदी नेहमीचं. दगड उचलून नेण्याची घाई करू नका, पुढच्या खेपेला बहुतेक जोड्या सुधारतात. तीन-एक दिवसांत अंडी फुटतात, पण पिल्लं पोटातल्या पिवळ्या पिशवीवरच जगतात. आठवडाभरात ती मोकळी पोहू लागली की ताजा फुटलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) दिवसातून 3-4 वेळा द्या. फिल्टरच्या तोंडाला स्पंज बसवायला विसरू नका, नाहीतर सकाळी टँकमध्ये पिल्लं दिसणार नाहीत, फिल्टरमध्ये सापडतील.