घरी पेशंट आहे? नुसत्या वरणाच्या पाण्यावर ठेवू नका

आपल्या नागपुरात घरात कोणी पॅरालिसिस, कॅन्सर नाहीतर फ्रॅक्चरने पलंगावर पडलं की पहिले जेवण हलकं होतं. वरणाचं पाणी, साबुदाण्याची खीर, चहात बुडवलेलं बिस्किट. दोन-चार दिवस ठीक आहे हो, पण तेच महिनोन् महिने चालू राहतं, माणूस डोळ्यांदेखत खंगतो अन् घरचे म्हणतात आजारच तसा आहे. कितीदा तरी तो उपाशी असतो नं!

म्हणून आधी वजन. उभं राहता येत असेल तर महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर. ३ ते ६ महिन्यांत आपोआप ६० किलोचं ५७ झालं म्हणजे ५ टक्के गेले, सावध व्हा, ५४ झालं तर डॉक्टरांना दाखवाच. उठता येत नसेल तर शिलाईचा टेप घ्या, खांदा अन् कोपराच्या मधोमध दंडाचा घेर मोजा, मोठ्या माणसाचा २३.५ सेंटीमीटरच्या खाली असेल तर वजन बहुतेक कमीच आहे. पायावर सूज असली की काटा फसवतो, तेव्हा दंडच बघा. कवळी सैल झाली का तेही बघा, ती हलली की चावता येत नाही अन् खाणं आणखी कमी होतं.

मग का खात नाही ते शोधा. तोंडात छाले, पांढरा थर, बद्धकोष्ठता, एखादी गोळी, मन उदास असणं, काहीही असू शकतं. अन् एक गोष्ट कोणी बोलत नाही, संडास-लघवीला सुनेला नाहीतर पोराला उठवावं लागते याची लाज वाटून कितीतरी आजी-आजोबा मुद्दामच कमी खातात-पितात. रागवू नका, जवळ बसून विचारा, अन् कमोड खुर्ची किंवा बेडपॅन हाताशी ठेवा, याने खाण्यात खरंच फरक पडतो.

ताट मोठं करू नका, घासात भर घाला. मऊ खिचडीत मुगाची डाळ जास्त, वरून तूप, कुस्करलेलं पनीर, दुधात दोन चमचे दूध पावडर, भातावर जवसाची चटणी, नाहीतर सैलसर पिठलं. आजारी म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं, ५० किलोला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात ६, पाव लिटर दुधात ८, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, अन् वरणाच्या पाण्यात जवळजवळ काहीच नाही. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रोटीन किती ते डॉक्टरांनाच विचारा. शुगर असेल तर साखर कमी करा, जेवण नाही.

दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या, जेवणाच्या तोंडावर चहा नको. मे महिन्यात ४५ डिग्रीत दुपारी कोणालाच भूक नसते, तेव्हा मोठं जेवण सकाळी लवकर द्या, दुपारी ताकातली आंबील.

खाताना ठसका लागत असेल, आवाज ओला-घोगरा होत असेल तर जबरदस्ती अजिबात नको, पाणी, चहा असं पातळच फुफ्फुसात जायची भीती जास्त, लगेच डॉक्टरांना सांगा. भरवताना ताठ बसवायचं अन् नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पाचेक दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नसेल तर एकदम भरपूर देऊ नका बापा, रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपकन खाली येतं, जिवावर बेतू शकतं, डॉक्टरांना विचारूनच हळूहळू वाढवा.

टीबीचा पेशंट असेल तर निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते, खात्यात येतात का ते बघा. अन् रोज किती खाल्लं, अर्धी वाटी की दोनच घास, हे वहीत लिहा, आपली सरकारी हॉस्पिटलं, मेडिकल असो की मेयो, ओपीडीत जाताना वही सोबत न्या अन् आहारतज्ज्ञ कुठे बसतात ते विचारूनच या.