इंग्रजी लिहिताना मराठी कुठं कुठं नडते

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आठवी ते बारावीच्या पोरांची शिकवणी घेतो मी, आणि दर जूनला तीच तक्रार, सर वाचलेलं कळतंय पण लिहायला बसलं की हात चालत नाही. मग पोरं ग्रामरचं जाडजूड पुस्तक आणतात, टेन्सचे बाराच्या बारा प्रकार घोकतात आणि निबंधात परत 'आय डिड नॉट वेंट' लिहून मोकळी.

आता ही चूक काय येडेपणातनं होत नाही. मराठीत आपण 'गेलो नाही' म्हणतो, भूतकाळ 'गेलो'मध्येच बसलेला असतो आणि 'नाही' नुसतं मागनं चिकटतं. इंग्रजीत तो भूतकाळ 'डिड' उचलून घेतो, मागं उरतो नुसता 'गो'. बारा टेन्स पाठ करून हे कळत नाही, आपली मराठी बघितली की लगेच कळतंय. अशा लई चुका आहेत. 'माझ्यावर रागावला' म्हणून पोरगं 'अँग्री ऑन मी' लिहितं, तिथं 'विथ' पाहिजे. 'त्याच्याशी लग्न केलं' म्हणून 'मॅरीड विथ हिम', तिथं नुसतं 'मॅरीड हिम'. 'त्याबद्दल चर्चा केली' म्हणून 'डिस्कस अबाउट', त्यातला 'अबाउट' उडवा. आणि आपली 'जरी-तरी'ची जोडी इतकी अंगात मुरलीय की 'ऑल्दो' लिहिलं की पुढं 'बट' येणारच, दोन्हीतलं एकच ठेवायचं.

म्हणून माझ्याकडं पहिलं काम म्हणजे चुकांची वही. डाव्या पानावर आपलं चुकलेलं वाक्य, उजव्या पानावर बरोबर, आणि खाली एक ओळ की हे कुठल्या मराठी वाक्यामुळं झालं. दोन-तीन महिन्यांत दिसतं की त्याच पंधरा-वीस चुका फिरून फिरून येतायत.

दुसरं, रोज पाच वाक्यं, पण 'प्रदूषण एक समस्या' असलं काही नको, आपल्या डोळ्यापुढचं लिहा. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला गेला तर तेच. 'आय सॉ अ बफेलो. द बफेलो वॉज अँग्री.' बघा, आर्टिकल इथंच सुटलं, पहिल्यांदा 'एक म्हैस' म्हणून 'अ', नंतर 'ती म्हैस' म्हणून 'द'. आणि 'अ' का 'ॲन' ते अक्षरावर नाही, उच्चारावर ठरतं, म्हणून 'ॲन अवर' पण 'अ युनिव्हर्सिटी'. 'ॲन एमएलए' लिहिलं की पोरं माझीच चूक काढतात, पण उच्चार 'ए'नं सुरू होतोय की लका! वाक्यं बारकी ठेवा, सात-आठ शब्दांची, सुरुवातीला जोडवाक्याच्या नादाला लागू नका.

वाचायचं म्हणाल तर करवीर नगर वाचन मंदिर आहेच, 1850 पासूनची लायब्ररी, किंवा घरी येणारा कुठलाही इंग्रजी पेपर चालतोय. एक बारका पॅरा वाचायचा, प्रत्येक वाक्याचे दोन-तीन शब्द टिपायचे, दोन दिवस बाजूला ठेवायचं आणि मग त्या शब्दांवरनं पॅरा परत आपण लिहायचा, शेवटी मूळ पॅऱ्याशी ताडून बघायचं. अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन पोरवयात असंच लिहायला शिकला. वेळ जातो, कंटाळा पण येतो, पण याच्याइतकं फळ देणारं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही.

मोबाईलचं ॲप वापरा की, कोण नको म्हणतंय. फक्त आधी स्वतः लिहा, मग ॲपला चुका दाखवायला सांगा, आणि त्यानं दुरुस्त केलेलं वाक्य कॉपी-पेस्ट न करता हातानं वहीत उतरवा, डावं पान आधी.