घरचा कॉम्प्युटर: कोणती सॉफ्टवेअरं ठेवायची, कोणती काढायची

कोल्हापुरात घरचा कॉम्प्युटर बहुधा असेंबल करून घेतलेला असतो. दुकानदार विंडोज टाकतो, ऑफिस टाकतो, फोटोशॉप टाकतो आणि "सगळं घालून दिलंय" म्हणून मशीन ताब्यात देतो. म्हणून नवीन काय घ्यायचं हा प्रश्न नंतरचा. आधी आत काय बसलंय ते बघा, कारण चोरीच्या विंडोजवर कितीही चांगली साधनं चढवली तरी पाया भुसभुशीतच राहतो.

दोन ठिकाणी बघायचं. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यात ॲक्टिव्हेशन उघडा. विंडोज "ऑर्गनायझेशनच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिस"ने चालू झालंय असं तिथं इंग्रजीत लिहिलेलं दिसलं आणि मशीन कुठल्या कंपनीचं नसून घरचं असलं, तर ते बहुधा क्रॅक, म्हणजे लायसन्स चुकवायचं चोरटं साधन, वापरून चालू केलेलं आहे. दुसरी जागा जास्त महत्त्वाची: विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये मॅनेज सेटिंग्जवर जा आणि तळाशी एक्सक्लूजन्स बघा. ही यादी रिकामी हवी. क्रॅक टाकताना डिफेंडर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं अँटिव्हायरस, आड येतो, म्हणून टाकणारा एखादा फोल्डर, कधी अख्खा सी ड्राइव्ह, "हे तपासू नको" म्हणून या यादीत घालतो आणि नंतर काढायचं विसरतो. पुढं येणारा व्हायरस त्याच उघड्या दारानं आत येतो आणि डिफेंडर मात्र हिरवी खूण दाखवत राहतो. यादीत काही असलं तर काढून टाका, मग स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन रिस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं घेतं. क्रॅक सापडला तर खरा उपाय एकच: आपल्या फायली बाहेर काढायच्या, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवून ते नव्यानं टाकायचं आणि लायसन्स विकत घ्यायचं.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नोंदणी करून मिळणारी वाढीव मुदत तात्पुरती आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. जुन्या मशीनमध्ये ते बसत नसलं आणि काम ब्राउझर, पत्रं, फॉर्म एवढंच असलं, तर विंडोजच्या जागी बसणाऱ्या मोफत लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवरही नीट चालते. पेन ड्राइव्हवरून, काही न पुसता, आधी चालवून बघता येते. वायफाय, प्रिंटर, आवाज तिथंच तपासा. घरी टॅली लागत असेल तर मात्र विंडोजच ठेवा.

अँटिव्हायरसवर फार वेळ घालवू नका. घरासाठी विंडोजमधला डिफेंडर पुरतो. विकतचं आधीपासून असलं तर मुदत संपेपर्यंत वापरा आणि मुदत संपली की अनइन्स्टॉल करा. मुदत संपलेलं अँटिव्हायरस नव्या व्हायरसची माहिती घेत नाही आणि नुसती जागा अडवून बसतं. दोन एकत्र तर कधीच नकोत, ते एकमेकांच्या पायात येतात.

त्यापेक्षा उपयोगी आणि फुकट गोष्ट म्हणजे रोजच्या वापरासाठी वेगळं खातं. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथून एक "स्टँडर्ड" खातं काढा आणि मुलांसकट सगळ्यांनी तेच वापरा. ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड घरातल्या मोठ्या माणसाकडे. मग गेमच्या नावाखाली उतरवलेली फाइल सिस्टीममध्ये हात घालू लागली की पासवर्ड मागितला जातो आणि तिथं थांबून विचार करायला वेळ मिळतो.

कुठलंही सॉफ्टवेअर निवडताना

तीन गोष्टी विचारा. याचा खर्च कोण भागवतं? आपला डेटा उद्या यातून बाहेर काढून दुसरीकडं नेता येतो का? नेट बंद असताना हे चालतं का? तिन्हींची उत्तरं त्या साधनाच्या साइटवर पाच मिनिटांत मिळत नसतील, तर ते साधन सोडून द्या.

उतरवताना नाव सर्चमध्ये टाकून पहिल्या दुव्यावर क्लिक करू नका. वरच्या एकदोन जागा जाहिरातीच्या असतात आणि हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट तिथंच बसतात. पत्ता स्वतः टाइप करा. शंका वाटली तर उतरवलेली इन्स्टॉलर फाइल व्हायरसटोटलवर तपासा. तिथं एकच फाइल अनेक अँटिव्हायरस बघतात. पण आधार, पासबुक, रिपोर्ट असले कागद तिथं चढवू नका. चढवलेल्या फायली सुरक्षा कंपन्यांना बघायला मिळतात.

ब्राउझर फायरफॉक्स घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एकच एक्स्टेन्शन टाका. क्रोमच वापरायचा असेल तर त्यात याची "लाइट" आवृत्ती मिळते. ती थोडी कमी ताकदीची आहे, पण चालते. "डाउनलोड" लिहिलेली खोटी बटणं यानं बहुतेक नाहीशी होतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी एवढा एक बदल फार मोलाचा आहे.

पासवर्ड

एमएच ०९ आणि पुढं गाडीचा नंबर, मुलाचं नाव आणि १२३, अंबाबाई नाहीतर जोतिबा आणि जन्मसाल: आपल्याकडचे पासवर्ड असेच असतात, आणि ओळखीचा माणूस ते चहा पिता पिता ओळखतो. त्याहून वाईट म्हणजे एकच पासवर्ड सगळीकडं. एखाद्या खरेदीच्या साइटवरून तो फुटला की तोच ईमेलवर लावून बघितला जातो.

सगळे पासवर्ड सांभाळणारं साधन, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, ठेवा. घरात दोघातिघांना मोबाइलवरही पासवर्ड लागत असतील तर बिटवॉर्डन घ्या. मोफत खात्यात कितीही पासवर्ड आणि कितीही उपकरणं चालतात. सगळं आपल्याच डिस्कवर राहावं असं वाटत असेल तर कीपासएक्ससी. त्यात सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये असतात, पण ती फाइल सांभाळायची जबाबदारी पूर्ण तुमची. मास्टर पासवर्ड, म्हणजे हे साधन उघडायचा एकच पासवर्ड, म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा. म्हण, गाण्याची ओळ, आरती नको. तो कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा, कारण विसरलात तर कंपनीही तो परत देऊ शकत नाही.

इथं एक चूक हमखास होते. क्रोममधले पासवर्ड नव्या ठिकाणी नेताना एक सीएसव्ही फाइल तयार होते आणि तिच्यात सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. काम झाल्यावर ती डाउनलोड्समध्ये तशीच पडून राहते. शिफ्ट दाबून डिलीट करा, मग क्रोममधले साठवलेले पासवर्डही पुसा आणि तिथलं "पासवर्ड सेव्ह करू का" बंद करा.

बॅकअप

या शहरात बॅकअपचा विचार पुराला धरूनच करावा लागतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी घरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरचा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलावर ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्क दोन्ही एकदमच बुडतात, हे अनेक गल्ल्यांनी अनुभवलं. म्हणून तीन प्रती: एक मशीनमध्ये, एक घरातल्या बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत ठेवताना नदीचाही विचार करा. घर शाहूपुरी कुंभार गल्लीत आणि डिस्क इचलकरंजीच्या पाहुण्यांकडं, तर दोन्हीकडं पंचगंगेचंच पाणी आहे. उंचावर, वरच्या मजल्यावर राहणारं कुणीतरी शोधा.

सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर कॉपी केलं म्हणजे बॅकअप झाला असं पुष्कळ जण समजतात. पुष्कळ घरच्या मशीनमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. गुगल ड्राइव्हची नुसती सिंक हाही बॅकअप नव्हे, कारण इथं पुसलेलं तिथंही पुसलं जातं. मोफत जागाही ईमेल आणि फोटो धरून १५ जीबीच.

विंडोजमधलं फाइल हिस्ट्री यासाठी पुरेसं आहे. बाहेरची डिस्क जोडा, कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टीम अँड सिक्युरिटी, मग फाइल हिस्ट्री आणि "टर्न ऑन". पण ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशाच ठरलेल्या जागा घेतं. आपल्याकडं लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले, दुकानाचा हिशोब सगळं डी ड्राइव्हवर असतं आणि ते अजिबात घेतलं जात नाही. त्या प्रत्येक फोल्डरवर राइट क्लिक करा, "शो मोअर ऑप्शन्स" आणि "इन्क्लूड इन लायब्ररी" निवडा. मग "रन नाऊ". संपलं की डिस्क काढून ठेवा. जोडलेलीच राहिली तर खंडणी मागणारा व्हायरस तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करतो.

दुसऱ्याच्या घरी ठेवायच्या डिस्कला कुलूप हवं. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर, होम असेल तर व्हेराक्रिप्ट. त्याचा पासवर्ड डिस्कसोबत ठेवू नका. वर्षातून किमान एकदा, मृग निघायच्या आत, दोन्ही डिस्कवरून पाचसहा फायली उघडून बघा. एक जुना फोटो, एक पीडीएफ, एक एक्सेल. उघडून न बघितलेला बॅकअप हिशोबात धरू नका. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला टेकली आणि तुमचा भाग सखल असला, तर ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न बघता बॅकअप उरकून घरातली डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रांसोबत भरा.

फॉर्म, पीडीएफ आणि झेरॉक्सचं दुकान

प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना फाइल इतक्या केबीच्या आत हवी, चार दाखले एका पीडीएफमध्ये हवेत, असं येतंच. घाईत माणूस "पीडीएफ लहान करा" म्हणणाऱ्या अनोळखी साइटवर आधार, पॅन, उत्पन्नाचा दाखला चढवून मोकळा होतो. पीडीएफ२४ क्रिएटर विंडोजवर उतरवून घ्या. लहान करणं, जोडणं, पानं फिरवणं सगळं आपल्याच मशीनवर होतं, नेट लागत नाही. स्कॅन करतानाच १५० डीपीआय (चित्राची बारकाई) आणि ग्रेस्केल (काळा-पांढरा) ठेवलं तर पुढं लहान करायची वेळ क्वचितच येते. आधार द्यावंच लागलं तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार चालतं का ते आधी विचारा.

रोज वाचायला सुमात्रा पीडीएफ हलकं आहे. मात्र ई-आधारसारख्या डिजिटल सहीच्या कागदावरची सही तपासायची असेल तर ॲडोबी रीडर घ्या. तिथं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे कागद खोटा असं नाही. सहीवर राइट क्लिक करून ती व्हॅलिडेट करावी लागते.

प्रिंट काढायला दुकानात व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर निघण्याआधी मोबाइलवर "लिंक्ड डिव्हायसेस" बघून ते काढा. पेन ड्राइव्ह नेला असेल तर घरी आल्यावर आधी त्यावर राइट क्लिक करून डिफेंडरनं तपासा. फोल्डरच्या जागी सगळे शॉर्टकट दिसले तर एकावरही डबल क्लिक करू नका. खऱ्या फायली बहुधा लपवलेल्या असतात. एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, हिडन आयटम्स केलं की पुष्कळदा दिसतात. तिथंच "फाइल नेम एक्स्टेन्शन्स"ही कायमचं चालू करा, म्हणजे "निकाल.पीडीएफ.ईएक्सई" अशी फसवी फाइल उघडी पडते.

लिखाण

पत्रं आणि हिशोबासाठी लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस. वीज कधीही जाते, म्हणून टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरलमध्ये ऑटोरिकव्हरीची १० मिनिटं कमी करून २ करा. मराठीसाठी जुने, युनिकोड (सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेले फॉन्ट वापरू नका. दुसऱ्या मशीनवर त्या मजकुराची चिन्हं होतात आणि त्यात शोधताही येत नाही. विंडोजमध्येच भाषांच्या यादीत मराठी घालून "मराठी फोनेटिक" कीबोर्ड निवडा, विंडोज आणि स्पेस दाबून अदलाबदल करा. पत्रिका छापायला देताना मजकुरासोबत पीडीएफही द्या, म्हणजे जोडाक्षर फुटलं तर प्रूफ बघताना कळेल.

काय नको

रजिस्ट्री क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर, रॅम वाढवून देणारे: एकही नको. २०१७ मध्ये सीक्लीनर या सफाईच्या साधनाच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता, म्हणजे नावाजलेलं साधनही गरज नसताना ठेवलं की एक दार वाढतं. जागा मोकळी करायला विंडोजचं स्टोरेज सेन्स आहे. व्हीपीएन, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्या कंपनीमार्फत फिरवणारं साधन, घरच्या वायफायवर बहुतेकांना लागत नाही. त्यानं व्हायरस थांबत नाही, फक्त तुमची ये-जा इंटरनेट कंपनीऐवजी व्हीपीएन कंपनीला दिसते.

एनीडेस्कसारखं दुरून मशीन चालवायचं साधन पुण्यातल्या मुलाला मदत करता यावी म्हणून टाकलं असेल तर काम झालं की काढा. बँकेतून बोलतोय म्हणून कुणी ते टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेनं यावर २०१९ मध्येच इशारा दिलाय. पैसे गेलेच तर मशीनचं नेट तोडा, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा, आणि पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला. त्याच मशीनवरून बदललेत तर नवे पासवर्डही त्यांच्या हातात जाऊ शकतात.