खिडकी कधी उघडायची? कोपरखैरणेतली माझी वही

पहाटे साडेपाचला घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायच्या, ही माझ्या सासऱ्यांची, अण्णांची शिस्त. रात्रीची कोंडलेली हवा बाहेर, ताजी आत. अलिबागच्या घरात ते ठीक होतं. नवी मुंबईत, कोपरखैरणेत मात्र आम्ही दोन हिवाळे त्याच मुहूर्तावर कारखान्यांचा धूर घरात घेत होतो आणि अण्णांचा खोकला ‘हवा बदलली’ म्हणून सोडून देत होतो. तिसऱ्या वर्षी मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत वाऱ्याच्या आणि धुराच्या नोंदींसाठी मागून पानं घातली. त्यातून जे कळलं ते लिहिते.

आधी कागदावर नकाशा काढा. आमचा असा: मधोमध उभी रेघ, म्हणजे ठाणे-बेलापूर रस्ता. रेघेच्या पूर्वेला एमआयडीसी आणि तिच्या पाठीशी पारसिकचा डोंगर. पश्चिमेला घणसोली, कोपरखैरणे, वाशीचे सेक्टर आणि मग खाडी. खाडीपलीकडे नैर्ऋत्येला माहुल-ट्रॉम्बे: रिफायनऱ्या, खत कारखाना, वीज केंद्र. म्हणजे आम्ही दोन चुलींच्या मध्ये बसलोय. कुठल्या चुलीचा धूर येणार, ते वारा ठरवतो.

वाऱ्याचं गणित आपण शाळेत पाठ केलेलंच आहे: खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन तापते, वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन लवकर निवते, वारा उलटा फिरतो. भूगोलात दोन मार्कांना येणारा हा प्रश्न माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा आहे, हे मला पन्नाशीत कळलं. मतलई वारा डोंगराकडून उतरतो, एमआयडीसीवरून येतो आणि आमच्या सेक्टरात पसरतो. तोही इतका मंद की धूर पुढे नेण्याऐवजी इथेच सोडतो. हिवाळ्यात त्यावर झाकण बसतं: जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार, त्यामुळे धूर वर जातच नाही.

वारा बघायला उदबत्ती पुरते. पहाटे सहा, सकाळी दहा, दुपारी तीन, अशी तीनदा लावा आणि धूर कुठे जातो ते लिहा. पहिले आठ दिवस माझ्या वहीत सारखा ‘उत्तरेचा वारा’ येत होता. मग लक्षात आलं, तो आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या बोळाचा वारा होता! गॅलरीत नको, गच्चीवर जा. तेही जमत नसेल तर उंचावरचा एखादा झेंडा हेरून ठेवा.

गच्चीवर गेलात की धुरांडीही बघा. डिसेंबरात सातच्या सुमाराला त्यांचा धूर आडव्या पट्टीसारखा तरंगताना दिसतो. तेव्हा तो निदान डोक्यावर असतो. ऊन चढून खालची हवा ढवळली जाऊ लागली की साडेआठ-नऊला तीच पट्टी खाली उतरते. आमचे हे महापेला मेंटेनन्समध्ये होते, ते म्हणतात, “झाकण फुटलं की आधी खालीच सांडतं.” रस्त्यावर ऑफिसची गर्दीही नेमकी तेव्हाच. थंडीत आमच्याकडे सर्वांत वाईट वेळ पहाटेपेक्षा ही, आणि निम्मं कोपरखैरणे याच वेळी मॉर्निंग वॉकला असतं.

म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही खिडक्या दुपारी एकनंतर, खारा वारा नीट सुटल्यावर उघडतो आणि दिवेलागणीला लावतो. अण्णांचं फिरणं साडेचारला. “साडेचारला काय फिरायचं, रिकामटेकड्यासारखं?” असं म्हणत महिनाभर कुरकुरले. दुपारी नैर्ऋत्येचा वारा असला की माहुलच्या बाजूची हवा येते, पण खाडी ओलांडून, पातळ होऊन. पावसाळ्यात हे सगळं विसरा. पाऊस हवा धुऊन काढतो.

आता आकडे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर महापे, नेरुळ अशी हवा मोजणारी केंद्रं दिसतात. घराजवळचं निवडण्यापेक्षा तुमच्यासारख्याच वाऱ्यात असलेलं निवडा. तिथला एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, मुख्यतः चोवीस तासांच्या सरासरीवरून काढलेला असतो, त्यामुळे सकाळी दिसणाऱ्या ‘मध्यम’मध्ये कालची दुपारही असते. त्याच मंडळाच्या संकेतस्थळावर तासातासाचे आकडे मिळतात, ते बघायची सवय लावा. दुसरं, दोन अ‍ॅपचे एक्यूआय एकमेकांशी ताडू नका. पीएम २.५, म्हणजे अगदी बारीक धूलिकण, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असतील, तर आपल्या मोजपट्टीवर १०० येतात आणि ‘समाधानकारक’ दिसतं. अमेरिकी मोजपट्टीवर तीच हवा १५० च्या पुढे जाते. ६० ही आपली चोवीस तासांची मर्यादा, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. मी एक्यूआय सोडून सरळ मायक्रोग्रॅमच लिहिते.

मुलाने घरी एक छोटं यंत्र आणून दिलं होतं. ते फोडणी घातली की ‘गंभीर’ दाखवायचं, आणि जुलैच्या मुसळधार पावसातही नव्वदच्या घरात. ही स्वस्तातली यंत्रं प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजतात, दमट हवेत फुगलेले कणही त्यांना मोठे दिसतात. किनाऱ्यावर त्यांचा आकडा खरा धरू नका. घरातल्या घरात कालच्यापेक्षा आज जास्त की कमी, एवढ्यापुरती ती बरी.

वासाचं वेगळंच. आपल्या एक्यूआयमध्ये आठच प्रदूषकं आहेत: दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. रात्री दोनला येणारा तो सॉल्व्हंटसारखा गोडसर किंवा सडक्या अंड्याचा वास त्यात बसतच नाही. अ‍ॅप हिरवं आणि घरात नाक धरून बसलोय, असं म्हणूनच होतं. शिवाय नाक थोड्या वेळात सरावतं, मग वाटतं वास गेला. बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला विचारा. आमच्याकडे ते काम पेपरवाल्याचं.

तक्रार करताना ‘फार वास येतो’ एवढंच लिहू नका. मी दोनदा तसं लिहिलं, दोन्ही वेळा ‘पाहणीत काही आढळले नाही’ असं उत्तर आलं. पाहणी दुपारी झाली होती, खाऱ्या वाऱ्यात. आता तारीख, सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, वास कसला, वारा कुठून, आणि त्या रात्री आणखी कुठल्या दोन सोसायट्यांना आला, एवढं लिहून सगळ्यांच्या सह्यांनिशी देतो. तिसऱ्या वेळी माणूस रात्री साडेअकराला आला.

खारघरवाल्यांनी मात्र माझ्या वेळा तशाच उचलू नयेत. त्यांना तळोजा एमआयडीसी ईशान्येला, आणि डोंगर वेगळ्याच बाजूला. डोंबिवलीत तर कारखाने वस्तीतच. तिथे उदबत्ती नव्याने लावावी लागेल.