आपलाच पेपर आपल्याच थिसिसमध्ये टाकताय? मग या चुका टाळा

थिसिसचा साहित्यचोरी तपासणारा रिपोर्ट आला, ३४ टक्के मजकूर आधीच्या लिखाणाशी जुळतोय. मी गारच पडलो, कारण नेटवरून एक ओळ उचलली नव्हती. नीट बघतो तर त्यातले २१ टक्के एकाच सोर्सचे आणि तो सोर्स म्हणजे माझाच दोन वर्षांपूर्वीचा पेपर, संशोधन पद्धतीचं प्रकरण लिहायचा कंटाळा आला म्हणून तसाच्या तसा चिकटवलेला.

"माझंच लिखाण, मला कोण विचारणार" ही पहिली चूक. विचारतात. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२० मध्ये नोटीसच काढलीये की स्वतःचं आधी छापलेलं संदर्भ न देता नवीन म्हणून दाखवणं चालणार नाही. आणि २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत माफ, १० ते ४० असेल तर दुरुस्त करून परत द्या, ४० ते ६० म्हणजे वर्षभर सबमिशन बंद, ६० च्या वर गेलात तर रजिस्ट्रेशनच रद्द.

मग माणूस दुसरी चूक करतो, शब्द बदलत बसतो. मी दोन रात्री तेच केलं. पेपरात होतं "१२० शेतकऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली", ते मी केलं "१२० शेतकऱ्यांच्या मुलाखती घेण्यात आल्या". टक्के उतरले हो, पण गाईडनी पेन्सिलने गोल केला आणि विचारलं, प्रश्नावली का मुलाखत, एकदा काय ते ठरव.

खरा उपाय एका वाक्याचा आहे. प्रकरणाच्या सुरुवातीला सरळ लिहायचं: "या प्रकरणातील काही भाग संशोधकाच्या अमुक लेखात (२०२१) प्रसिद्ध झाला आहे." त्यात नवीन काय घातलं तेही लिहा आणि पेपर संदर्भसूचीत टाका. बऱ्याच विद्यापीठांत गाईडचं पत्र दिलं की स्वतःचा पेपर वगळून रिपोर्ट काढून देतात, पण नियम सगळीकडे सारखे नाहीत, म्हणून लायब्ररीत आधीच विचारा.

एमए किंवा एमफिलच्या लघुप्रबंधाचं मात्र जरा जपून. थिसिसच्या पहिल्या पानांत आपण सही करतो ना, की यातला कुठलाही भाग दुसऱ्या पदवीसाठी दिलेला नाही? जुनं प्रकरण आत घातलं की ती सहीच खोटी ठरते, इथे टक्क्यांचा प्रश्नच नाही.

अजून एक, ड्राफ्ट चेक करताना तो सॉफ्टवेअरच्या रिपॉझिटरीत (म्हणजे त्याच्या साठ्यात) सेव्ह झाला तर फायनल कॉपी त्याच्याशीच जुळते आणि आकडा नव्वदीत जातो. घाबरू नका, लायब्ररीवाल्यांना तो सोर्स वगळायला किंवा जुनी फाईल काढायला सांगा. पुढच्या वेळी आधीच म्हणा, सेव्ह करू नका.

आणि पेपर दोघांचा असेल तर सहलेखकाला मेल टाकून ठेवा. आमचं एक टेबल माझ्या सहलेखिकेनेही तिच्या थिसिसमध्ये घातलं होतं, मला कळलं व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आठ दिवस आधी.