टर्किश व्हॅन मांजर घेण्याआधी कसं पारखावं?

सांगली-साताऱ्यात पर्शियन मांजराचं आता कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. त्यामुळे ‘ही दुर्मिळ जात आहे, टर्किश व्हॅन’ असं सांगत कुणी पांढरं पिल्लू पुढे केलं, तर पैसे काढण्याआधी जरा थांबा.

आधी रंग बघा, पण नुसत्या रंगावर भुलू नका. अंग पांढरंशुभ्र, कपाळावर दोन डाग आणि मधून पांढरी पट्टी, शेपूट बुडापासून टोकापर्यंत रंगीत, अशी या जातीची ठेवण. पाठीवर एखादा ठिपका चालतो. गोम अशी, की पांढरे डाग आणणारं जनुक गावठी मांजरातही असतं. मासळीच्या पाटीभोवती घुटमळणारं बांडं मांजर हुबेहूब असंच दिसू शकतं.

मग हात लावा. माझ्या मते खरी परीक्षा इथेच. पर्शियनचे केस बोटांनी दुभंगले तर खाली लोकरीसारखा दाट थर लागतो, कातडी चटकन दिसत नाही. व्हॅनला हा आतला थर जवळजवळ नसतोच. केस मध्यम लांब, रेशमी आणि मुळाशी मोकळे असतात, त्यामुळे गुंता कमी होतो आणि पाणीही लवकर मुरत नाही. उन्हाळ्यात केस इतके झडतात, की मांजर आखूड केसांचं वाटावं. शेपूट मात्र झुबकेदारच राहते. पिल्लाच्या अंगावरून यातलं काही कळायचं नाही, कारण ही जात पूर्ण भरायला 3 ते 5 वर्षं घेते. म्हणून त्याची आई दाखवायला सांगा आणि तिच्या अंगावरून हात फिरवा. आई दाखवायला टाळाटाळ झाली, तर काय समजायचं ते समजा.

तोंड चपटं असेल तर विषयच संपला. व्हॅनचं नाक सरळ, छाती रुंद, हाडपेर दणकट.

डोळे निळे, घारे किंवा एक निळा-एक घारा असू शकतात. निळे डोळे असतील तर मांजराच्या नजरेआड उभं राहून किल्ल्या वाजवा, कारण पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरेपण जास्त आढळतं.

मूळ सांगताना विक्रेते बराच घोळ घालतात. 1955 मध्ये लॉरा लशिंग्टन आणि सोनिया हॅलिडे या दोघी तुर्कस्तानातून पिल्लं घेऊन इंग्लंडला गेल्या आणि तिथे ही जात पद्धतशीर जोपासली गेली. 1969 मध्ये तिला ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली. नाव पूर्व तुर्कस्तानातल्या वान सरोवरावरून पडलं. ते सरोवर आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंचावर आहे. त्या भागातले लोक मात्र ज्याला ‘वान केदिसी’ म्हणतात, ते बहुधा पूर्ण पांढरं मांजर. दोन्ही एकच समजू नका. व्हॅनला पाण्याचं वावडं नसतं हे खरं, पण म्हणून कुणी सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेत नेऊन पोहण्याची परीक्षा घेऊ नये!

शेवटी कागद मागा. सीएफए (CFA) किंवा टिका (TICA) यांसारख्या, मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचं नोंदणीपत्र हवं, त्यात आई-बापाची नोंद हवी. कातडीखाली ओळख-नंबराची मायक्रोचिप बसवलेली असेल तर पशुवैद्याकडून स्कॅन करून नंबर ताडून बघा. लसीचं कार्ड म्हणजे वंशावळ नव्हे.

कागद नसतील आणि मांजर मनात भरलं असेल तर खुशाल घ्या, फक्त व्हॅनचा भाव देऊ नका. पण 12 आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडून देत असतील, तर कागद असले तरी परत फिरा.