छोट्या बोटीसाठी सुरक्षा साहित्य घेताना या चुका टाळा

लाइफ जॅकेट बोटीवर आहे म्हणजे काम झालं, ही सगळ्यात मोठी चूक. बोट उलटते तेव्हा जॅकेट शोधायला वेळ मिळत नाही आणि पाण्यात पडल्यावर ते अंगात चढवणं पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही जड जातं. म्हणून पहिला प्रश्न हा, की ते दिवसभर अंगावर राहील का? काचणारं, वल्ही मारताना आड येणारं जॅकेट तासाभरात बाकाखाली जातं.

दुसरी चूक म्हणजे रंग आणि किंमत बघून घेणं. लेबलवर न्यूटनचा आकडा असतो, म्हणजे जॅकेट माणसाला किती जोराने तरंगवतं त्याचं माप, तो वाचा. 50 चं साधन फक्त पोहता येणाऱ्यांसाठी, तेही किनाऱ्याजवळ. बेशुद्ध माणसाचं तोंड ते पाण्याबाहेर वळवेल याचा भरवसा नाही. शांत, आडोशाच्या पाण्यासाठी 100 आणि खुल्या समुद्रासाठी 150 लागतं. माप बघायला सगळे पट्टे आवळा आणि कुणाला तरी खांद्यांपाशी धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत सरकलं, तर पाण्यातही तसंच सरकणार. मुलांच्या बाबतीत तर अजिबात तडजोड नको. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून सैल घेतलेल्या जॅकेटमधून मूल खाली निसटतं. मुलाच्या वजनाप्रमाणेच घ्या आणि पायांमधून जाणारा पट्टा हवाच.

आपोआप फुगणारं जॅकेट सुटसुटीत असतं, पण त्याची निगा राखावी लागते. आतला गॅसचा सिलिंडर हळूहळू सैल होतो, म्हणून निघण्याआधी तो हाताने पिळून घट्ट करा. एकदा फुगल्यावर नवा सिलिंडर बसवेपर्यंत ते जॅकेट भरवशाचं नाही.

आग विझवायचा सिलिंडर, म्हणजे अग्निशामक, बोटीच्या इंजिनाला खेटून लावू नका. आग तिथेच लागली तर हात पोचणार कसा? तो सुकाणूजवळ, आगीकडे न जाता काढता येईल असा हवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर ती पसरते, त्यामुळे बादलीवर भिस्त ठेवू नका. बादली हवी ती बोटीतलं पाणी उपसायला.

मोबाइल आहे म्हणून फ्लेअर, म्हणजे संकटात मदत मागायला पेटवायची धुराची किंवा ज्योतीची नळी, टाळणारे बरेच भेटतात. रेंज गेली की मोबाइलचा उपयोग संपला. नारिंगी धूर दिवसा दिसतो, रात्री लाल ज्योतच लागते, त्यामुळे दोन्ही घ्या आणि मुदतीची तारीख तपासा. हातातला फ्लेअर वारा ज्या बाजूला जातोय तिकडे, बोटीबाहेर धरायचा, नाहीतर ठिणग्या आपल्याच अंगावर येतात. शिट्टी मात्र प्रत्येकाच्या जॅकेटला बांधलेली हवी.

नांगराचा दोर पाण्याच्या खोलीइतकाच घेतला तर नांगर तळाशी रुतत नाही, नुसता घसरतो. दोर खोलीच्या निदान पाचपट सोडता यायला हवा. दुसरं टोक बोटीला पक्कं बांधलंय ना, हे नांगर टाकण्याआधी बघा.